उकळतं पाणी आणि यीस्ट

रविवारी कोल्हापुरात मिसळीसाठी घरीच पाव करायला घेतले आणि उकळतं पाणी ओतून यीस्ट मारलं. बाबा डिस्टिलरीतून रिटायर झालेले. "मळीच्या टाकीत पारा 35 च्या वर गेला की आमची झोप उडायची. तू डायरेक्ट उकळतं ओतलंस व्हय?"

मग वाचत बसलो. 25 अंशांतलं यीस्ट थेट 50 अंशांत टाकलं तर बहुतेक पेशी मिनिटांत मरतात. आधी अर्धा तास 37 अंशांत ठेवलं, तर पुष्कळ तगतात! तेवढ्या वेळात पेशी हीट शॉक प्रोटीन्स बनवते. त्यातलं एचएसपी 104 तर भन्नाटच, उष्णतेनं गुंता झालेली प्रथिनं ओढून सोडवतं. 1990 मध्ये सांचेझ आणि लिंडक्विस्ट यांनी त्याचं जनुकच काढलं, तर आधीच्या उबेचा फायदा जवळजवळ गेला.

बाबांना सांगितलं. "असेल. पण टाकी गारच ठेवावी लागते."

दुसरं पाकीट बोट बुडवून, कोमट पाण्यात भिजवलं.