आयर्विन किती?

मारुती रोडवरच्या एका भुसार दुकानात परवा भिजलेली पोती वाळत टाकली होती. चार दिवसांनी ऊन पडलं होतं. मी तूरडाळ घ्यायला आत शिरले आणि ओल्या गोणपाटाचा, थोड्या आंबलेल्या धान्याचा तो वास नाकात गेला. तेवढ्यात गल्ल्यावरच्या माणसानं फोनवर कुणाला तरी विचारलं, "आयर्विन किती?" डाळ न घेताच मी घरी आले.

सांगलीत पावसाळ्यात हा प्रश्न कुणीही कुणालाही विचारतं. कृष्णेवरच्या १९२९ सालच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे, यावर गावाची झोप ठरते. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका, त्याच्या पुढं गहू-तांदूळ माडीवर. आमच्या घरात मात्र हा प्रश्न निघाला की जिन्याखालच्या पोत्यावरून एक मान वर व्हायची. आयर्विन हे आमच्या कुत्र्याचं नाव होतं. एका व्हाइसरॉयचं नाव गावठी कुत्र्याला मिळालं, यात देशभक्ती वगैरे काही नव्हती. तो आला तेव्हा घरात दुसरा शब्दच ऐकू येत नव्हता.

२००५ च्या पुरात पाणी ५३ फुटांच्या वर गेलं. गावभागातलं आमचं घर खालून बुडालं, आम्ही माडीवर. शेजारच्यांच्या न्हाणीघराचा पत्रा तेवढा पाण्याच्या वर होता आणि त्यावर एक तांबूस, अर्धवट वयाचं कुत्रं उभं होतं. भुंकत नव्हतं, रडत नव्हतं. खिडकीत बनियनवर आप्पा, माझे वडील. कपडे वाळत घालायच्या काठीच्या टोकाला त्यांनी पायजम्याच्या नाडीनं भाकरी बांधली होती आणि काठी पत्र्याकडं सरकवत होते. कुत्रं भाकरीकडं बघेना, आप्पांकडंच बघत राहिलं. शेवटी आप्पांनी तोंड फिरवलं तेव्हा खाल्लं.

हे आप्पांनी करावं हेच नवल. त्यांना कुत्र्यांची भीती होती. रस्त्यात कुत्रं दिसलं की सायकलवरून उतरायचे आणि सायकल मधे धरून चालायचे. लहानपणी त्यांना पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं आणि पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागली होती. ही लस सेंपल नावाच्या ब्रिटिश डॉक्टरनं १९११ साली कसौलीत तयार केली. मेंढीला रेबीजची लागण करायची, तिच्या मेंदूतले जंतू कार्बोलिक ॲसिडनं मारायचे आणि तेच माणसाला टोचायचं. जवळजवळ शतकभर आपल्याकडं हेच चाललं. २००४ च्या अखेरीस ती लस देशात बंद झाली, आणि आयर्विन आमच्याकडं आला तो लगेचच्या पावसाळ्यात. आप्पा चष्मा कुठंतरी विसरले की म्हणायचे, "माझ्यात मेंढीचा मेंदू आहे, मला काय विचारता?"

पत्र्यावरून त्याला नावाड्यानं उचललं, तेही आप्पांनी खिडकीतून दटावून सांगितलं म्हणून. पाणी उतरल्यावर गाळ काढताना तो पायात पायात यायचा. ठेवायचा असं कुणी ठरवलं नाही, त्याला जा असंही कुणी म्हटलं नाही. वाचवलेलं कुत्रं म्हणून त्याच्या डोळ्यांत कृतज्ञता वगैरे असते असं लोक सांगतात. आयर्विनच्या डोळ्यांत भाकरी असायची. गादी दिली तर गादी सोडून पोत्यावर झोपायचा, आणि ते पोतं पावसाळाभर ओलं.

पुढं तो आप्पांचा झाला. माझी खरी तक्रार इथं आहे. आम्हा भावंडांशी आप्पा कामापुरतं बोलायचे. मी एम. ए. ला पहिली आले तेव्हा "बरं झालं" एवढंच म्हणाले आणि पेपर उघडला. तोच पेपर नंतर या कुत्र्याला मोठ्यानं वाचून दाखवायचे. अलमट्टीचं पाणी कर्नाटकानं सोडलं की नाही यावर त्याचं मत विचारायचे. पेन्शनची फाईल कुठल्या टेबलावर अडकली, कोण कसा बोलला, हे मला जिन्यात उभं राहून ऐकावं लागलं, कारण ते सांगितलं जात होतं आयर्विनला. मला त्या कुत्र्याचा हेवा वाटायचा. अजून वाटतो.

२०१३ च्या हिवाळ्यात आप्पा गेले. आयर्विननं अन्नपाणी सोडलं, त्यांच्या चपलांपाशी बसून राहिला, असलं काही झालं नाही. त्या दिवशी त्यानं आपली भाकरी खाल्ली आणि शेजारणीनं भेटायला आलेल्यांसाठी पाठवलेल्या पिठल्यातही तोंड घातलं. फक्त सकाळी पेपर पडला की जिन्याखालून उठून यायचा, थोडा वेळ उभा राहायचा आणि परत जायचा. मी एकदा वाचायचा प्रयत्न केला. मधेच उठून गेला.

मग २०१९. पाणी ५७ फुटांच्या वर. आता तो म्हातारा, मागचे पाय कापायचे, एका डोळ्यात मोतीबिंदू. बोटीत मी त्याला पोत्यात गुंडाळून मांडीवर घेतलं तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "माणसांना जागा नाही आणि कुत्रं?" त्याचं मला काही वाटलं नाही. भ्यालेला माणूस होता, आणि खरंच जागा नव्हती. मला लागलं ते विश्रामबागेत, जिथं पाणी येत नाही तिथं, माझ्या मावसभावाच्या दारात. वहिनींनी आईला आत घेतलं, मला आत घेतलं आणि पोत्याकडं बघून म्हणाल्या, "ताई, आमच्याकडं देवाचं असतं हो." फाटकाच्या आत पोर्च होता. पोर्चमध्ये गाडी होती. गाडीवर कव्हरसुद्धा होतं. मी आणि आयर्विन पूरग्रस्तांसाठी उघडलेल्या एका शाळेच्या व्हरांड्यात झोपलो. तिथं हरिपूर रोडच्या एका बाईंनी स्वतःच्या वाटणीचं दूध त्याला बशीत ओतून दिलं.

पाणी उतरल्यावर पंचनाम्याला तलाठी आले. "जनावरं?" आई म्हणाली, "एक." "कुठलं?" "कुत्रं." त्यांनी पेन थांबवलं, पण हसले नाहीत. चांगला माणूस. मला नंतर कळलं की पुरात मेलेल्या दुभत्या गाई-म्हशीला ३०,००० रुपये, ओढकामाच्या बैलाला २५,०००, शेळी-मेंढीला ३,०००, कोंबडीला ५० असा तेव्हा सरकारी दर होता. कुत्रं यादीत नव्हतं. आमचं तर जिवंत होतं, म्हणजे प्रश्नच नव्हता. तरी आईला वाटलं, कुठंतरी नोंद व्हावी.

दिवाळीपर्यंत त्याची किडनी गेली. सारखं पाणी पिणं, तोंडाला नवसागरासारखा वास. डॉक्टरांनी मला घरीच सलाईन द्यायला शिकवलं: खांद्यामधली कातडी चिमटीत वर उचलायची, तंबू होतो, त्यात सुई. पाण्याचा गोळा आधी पाठीवर आंब्याएवढा दिसायचा, मग हळूहळू पुढच्या पायात उतरायचा आणि तो पाय जाड करून तासभर लंगडायचा. जर्मनीत बॉनजवळ १९१४ साली दगडाच्या खाणीत एक पुरुष, एक बाई आणि एक पिल्लू एकत्र पुरलेले सापडले होते, सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचे. त्या पिल्लाच्या दातांवरून २०१८ मध्ये संशोधकांनी दाखवलं की त्याला डिस्टेंपर झाला होता आणि ते आठवडेच्या आठवडे आजारी होतं. त्या वयाच्या आजारी पिल्लाचा शिकारीला उपयोग शून्य. कुणीतरी त्याला पाणी पाजलं असणार, उबेला धरलं असणार, त्याची घाण काढली असणार. हे मी सलाईनची बाटली खिळ्याला टांगून वाचत होते आणि आई विचारत होती, "थेंब पडतायत का?"

एका सकाळी तो पोत्यावरून उठू शकला नाही. तिथंच ओलं झालं आणि त्यानं भिंतीकडं तोंड केलं. मी डॉक्टरांना फोन केला. पथ्य संपलं होतं, म्हणून आईनं भडंग काढलं. त्यातले शेंगदाणे त्याला आयुष्यभर आवडायचे. चार चघळले, दोन पाडले. सुईसाठी पुढच्या पायावरचे केस आधीच भादरले होते, ते परत आलेच नव्हते, त्यामुळं शीर शोधावी लागली नाही. आधी गुंगीचं, मग शिरेतलं. डॉक्टर छातीला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ बसले.

कुठं पुरायचा यावर आईची एकच अट होती, "पाणी येणार नाही तिथं." माझ्या सहकाऱ्याचं कवलापूरच्या बाजूला माळावर शेत आहे. तिथं बांधाला खड्डा घेतला, खाली-वर जाडं मीठ टाकलं. आईनं भाकरी आणली होती. ती ठेवता ठेवता म्हणाली, "तुझ्या आप्पांनी पहिल्या दिवशी त्या काठीनं त्याला हुसकलं होतं बरं का. पाण्यातून माडीवर येईल म्हणून. भाकरी दुसऱ्या दिवशी."

मला हे पटलेलं नाही. मी खिडकीपाशी होते. काठी, नाडी, बनियन, सगळं मला दिसतं. आई म्हणते, पहिल्या दिवशी तू सामान वर नेत होतीस. मग ते कुत्रं भाकरी समोर असून आप्पांकडंच का बघत राहिलं, आणि आप्पांनी तोंड का फिरवलं, याचं उत्तर आईच्या गोष्टीत बसतं, माझ्या गोष्टीत बसत नाही. तरी मी वाद घालते. मावशीपुढं घालते, भावाशी फोनवर घालते. आप्पांच्या बाजूनं बोलायची संधी त्यांनी हयातीत फारशी दिली नाही.

गेल्या महिन्यात वहिनींचा फोन आला. नातवानं हट्ट करून लॅब्रेडोर आणलाय. सोफ्यावरच झोपतो म्हणे, देवघरातही जातो, लहान आहे, काय कळतंय त्याला. लसीसाठी आमच्या डॉक्टरांचा नंबर हवा होता. मी दिला. "मोठा झाला की फार पाणी लागतं का हो ताई यांना?" त्यांनी विचारलं. म्हटलं, "लॅब्रेडोर पोहण्यात पटाईत असतात वहिनी. पूर आला तर तुम्हाला बोटसुद्धा लागायची नाही." त्या म्हणाल्या, "आमच्याकडं कुठं येतंय पाणी!" आणि मनापासून हसल्या.