निकाल न लागलेली पुस्तकं

वाचनकट्ट्यावर समकालीन कादंबरी चर्चेला घ्यायची म्हणजे निकाल लागण्याआधीच पुस्तकाला भिडायचं. 'कोसला' १९६३ साली आली आणि तिच्यावर आजवर इतकं लिहून झालं आहे की तिच्याविषयी बोलताना वाचकाच्या तोंडी नकळत एखाद्या समीक्षकाचं वाक्य येतं. चार-पाच वर्षांपूर्वी छापलेल्या कादंबरीवर दोन-तीन परीक्षणं आलेली असतात, तीही बहुतेकांनी वाचलेली नसतात. वाचकाला स्वतःच्याच बळावर बोलावं लागतं, आणि कट्ट्याचं खरं सुख या बिनआधाराच्या बोलण्यातच आहे.

महाराष्ट्रात असे कट्टे वेगवेगळ्या नावांनी भरतात. कुठे वाचक मंडळ, कुठे पुस्तक भिशी; ग्रंथालयाची वरची खोली, सोसायटीचं सभागृह, नाही तर पाळीपाळीने एकेकाचं घर. दहा-बारा माणसं पुरतात. पंचवीस झाली की चर्चेची सभा होते आणि सभेत लोक भाषणं करतात. ग्रंथालयात नव्या कादंबरीची बहुधा एकच प्रत असते, ती हातोहात फिरते, आणि शेवटच्या वाचकापाशी पोचते तेव्हा समासात चौघांच्या पेन्सिलीच्या खुणा असतात. रंगनाथ पठारे यांच्या 'सातपाटील कुलवृत्तांत'सारखी (२०१९) शतकं ओलांडणारी जाडजूड कादंबरी एका बैठकीत मावत नाही. तिला दोन-तीन महिने द्यावेत.

सुरुवात 'आवडली' आणि 'नाही आवडली' यांनीच होते, त्यात गैर काही नाही. पण तिथेच थांबलं तर चहा येईपर्यंत विषय संपतो. जाणता सूत्रधार एवढंच विचारतो, 'कुठे?' मग पान शोधलं जातं, परिच्छेद मोठ्याने वाचला जातो, आणि पुष्कळदा वाचणाऱ्याचंच मत वाचता वाचता बदलतं.

मोठ्याने वाचण्याचं मोल 'रिंगाण'सारख्या कादंबरीत कळतं. कृष्णात खोत यांच्या या कादंबरीला २०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणाने उठवलेलं गाव, आणि मागे राहिलेल्या म्हशीसाठी त्या ओसाड मुलखात परतलेला माणूस, ही तिची गोष्ट. प्रमाणभाषेवर पोसलेला वाचक सुरुवातीला अडखळतो आणि 'बोली फार आहे' अशी तक्रार घेऊन येतो. तेवढ्यात कोल्हापूरकडे माहेर असलेली एखादी सभासद तेच पान आपल्या लयीत वाचू लागते. कुठे थांबायचं, काय पुटपुटायचं, आवाज कुठे चढवायचा हे तिला कुणी सांगावं लागत नाही. पान संपतं तेव्हा तक्रार कुणाच्या लक्षातही नसते. माणसाविना राहिलेलं पाळीव जनावर कुणाचं उरतं, यावर खोली बोलू लागलेली असते. विस्थापनाचाच विषय विश्वास पाटील यांच्या 'झाडाझडती'त (१९९१) आहे. तिथे कचेऱ्या, कागद, मोबदला, पुढारी यांचा मोठा पसारा. इथे रान, जनावर आणि माणूस. दोन्ही कादंबऱ्या लागोपाठच्या महिन्यांत घ्याव्यात. पुनर्वसनाचा प्रश्न फायलीतून निघून माणसाच्या अंगात कसा शिरला, हे कुणी व्याख्यान न देता दिसतं.

सदानंद देशमुख यांच्या 'बारोमास'वर बोलताना एखाद्याला गावाकडे शेती करणारा भाऊ आठवतो आणि तो त्याच्याविषयीच सांगत राहतो. त्याला अडवू नये. मात्र बोलणं पुन्हा पुस्तकाकडे वळवायला विसरू नये.

सचिन कुंडलकर यांच्या 'कोबाल्ट ब्लू'ने (२००६) मात्र खोलीत हमखास दोन तट पडतात. घरात राहायला आलेल्या एकाच तरुणाच्या प्रेमात भाऊही पडतो, बहीणही. अर्धं पुस्तक त्याचं, अर्धं तिचं. त्या तरुणाला नाव नाही आणि त्याची बाजू त्याच्या तोंडून कुठेच येत नाही. कुणी त्याला स्वार्थी म्हणतं, कुणी मोकळा. घरात ज्या विषयाचा उच्चारही झाला नसता त्यावर साठी उलटलेले सभासद इथे बोलतात, कारण त्यांना पात्रांचा आडोसा मिळालेला असतो. असा आडोसा कादंबरीइतका क्वचितच कशात मिळतो.

लेखकाला बोलावण्याचा मोह प्रत्येक कट्ट्याला होतो. बोलवावं, पण चर्चा झाल्यावर पुढच्या महिन्यात. लेखक समोर असला की वाचक प्रश्न विचारतात, वाद घालत नाहीत.

चर्चेची वही ठेवणं हे कंटाळवाणं वाटणारं काम समकालीन पुस्तकांच्या बाबतीत फार मोलाचं ठरतं, कारण त्यांच्याभोवतीचा काळ चालूच असतो. नंदा खरे यांची 'उद्या' नजीकच्या भविष्यकाळात घडते. तिला जाहीर झालेला २०२०चा साहित्य अकादमी पुरस्कार खरे यांनी नाकारला. पहिल्या वाचनात जे प्रसंग अतिशयोक्त म्हणून वहीत नोंदले गेले असतील, ते काही वर्षांनी पुन्हा काढून वाचावेत आणि त्यांतले किती तसे उरले, एवढ्यावरच एक बैठक ठेवावी.