वापरातली वाट

राजूर,
कोजागरीनंतरचा रविवार

प्रिय भाचेबाई,


तू पाठवलेला नकाशा फोनवर काही नीट दिसेना, म्हणून झेरॉक्सच्या दुकानातून मोठा छापून आणला आणि पेन्सिल घेऊन बसलो. कुणीतरी घड्याळ बांधून पळालं, त्याची निळी रेघ झाली आणि आता त्याच रेघेवरून तू पळणार, असं एकंदर दिसतंय. रतनवाडी, रतनगड, कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई, हरिश्चंद्रगड. आमच्या वेळी ट्रेकवाली मंडळी याला दोन-तीन दिवस लावायची. तू एका दिवसात म्हणतेस. ते जमेल की नाही, हे तुझे पाय जाणोत. मी आयुष्यात एसटी पकडण्यापलीकडे पळालेलो नाही. पण वाड्यावस्त्यांवरच्या शाळांत मास्तरकी केली ती चालत जाऊन, त्यामुळे वाटांबद्दल चार शब्द बोलायचा अधिकार मला आहे, असं मी धरून चालतो.

आधी एक गैरसमज काढून टाक. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य म्हटलं की पुण्याच्या माणसाच्या डोळ्यांपुढे कुंपण आणि आत सगळं रान येतं. हे अभयारण्य १९८६ साली जाहीर झालं, क्षेत्र सुमारे ३६२ चौरस किलोमीटर. पण त्याच्या पोटात गावं आहेत, महादेव कोळी आणि ठाकर लोकांची घरं आहेत, भाताची खाचरं आहेत, शाळा आहेत. ज्या वाटेवर तू पळशील ती कुणीतरी कामासाठी पाडलेली आहे. कुणी राबासाठी फांद्या आणायला, कुणी बाळहिरडा गोळा करायला, कुणी गुरं पाण्यावर न्यायला, कुणी राजूरच्या बाजाराला. पळायला म्हणून वेगळी वाट इथं नाही, आणि माझं मत विचारशील तर ती करूही नये.

आता मुद्द्याचं. तू विचारलंस, सगळ्यात चांगली वाट कोणती. माझं उत्तर एकच आहे: जिच्यावरून डोक्यावर ओझं घेतलेलं माणूस अजून जातं ती. डोक्यावर मोळी असलेली बाई चढ कधी सरळ अंगावर घेत नाही. ती डोंगराच्या कुशीकुशीनं तिरपी चढते, दम खायला जिथं टेकता येईल अशा दगडापाशी वळते, ओढा ओलांडायचा तर पात्र अरुंद आणि दगड पक्का असेल तिथंच ओलांडते. पिढ्यान्‌पिढ्या अशी ये-जा झाली की वाटेचा उतार आपोआप बेताचा राहतो. पावसाचं पाणीही अशा वाटेवरून वाहत नाही, ती आडवी ओलांडून खाली जातं. म्हणून ती टिकते.

याच्या उलट पाहायचं असेल तर एखाद्या सुट्टीच्या दिवशी बारी गावातून कळसूबाईला जा. १६४६ मीटर म्हणजे महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. गावापासून चढ नऊशे मीटरच्या आसपास. एवढ्या उंचीवर हवा फारशी विरळ वगैरे होत नाही, दम निघतो तो निव्वळ खड्या चढानं. रिकाम्या हातांच्या माणसाला घाई असते, तो नाकासमोर चढतो. त्याच्या मागून शंभरजण तसेच चढतात. मग पावसाळ्यात त्याच वाटेनं पाणी धावत सुटतं, माती वाहून जाते, सुटे दगड उघडे पडतात. पुढच्या वर्षीचा माणूस ती घसरण टाळायला शेजारून चढतो आणि तिथं दुसरी घळ पडते. चढताना हे जाणवत नाही. उतरताना मात्र गुडघ्यांना लगेच कळतं. त्यात लोखंडी शिड्या, शिड्यांवर रांग. नवरात्रात तर देवीच्या दर्शनाला येणाऱ्यांतून वाट काढणंच कठीण. तिथं पळायला जाणं म्हणजे लोकांना धक्के मारणं. कळसूबाईला जायचं तर चालत जा, देवीला नमस्कार कर, शांतपणे उतर.

तुझ्या सरावासाठी मी दुसरंच काही सुचवतो. भंडारदऱ्याच्या जलाशयाला वळसा घालणारा रस्ता आहे. शेंडीतून निघायचं, मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी, मग चढून साम्रद, तिथून घाटघर; परतीच्या बाजूला उडदावणे, पांजरे, मुरशेत करत पुन्हा शेंडी. चाळीसेक किलोमीटर होतात. रस्ता डांबरी, कुठे उखडलेला, पण तुला हवे ते चढउतार सगळे त्यात आहेत. मधे रतनवाडीला अमृतेश्वराचं देऊळ लागतं. पळणाऱ्या मंडळींना थांबायचं वावडं असतं असं ऐकून आहे, तरी तिथं थांब. शिलाहारकाळातलं कोरीव काम आहे, शेजारी पुष्करणी आहे. प्रवरा तिथूनच, रतनगडाच्या कुशीतून निघते आणि खाली धरणात अडते. हे धरण इंग्रजांच्या काळात, १९२६ साली, दगडी बांधकामात पुरं झालं. घाटघरला जलविद्युत प्रकल्प दिसेल, २५० मेगावॉटचा. विजेची मागणी कमी असते तेव्हा खालचं पाणी वर चढवतात, गरज पडली की पुन्हा खाली सोडतात. तुझ्या सरावासारखंच आहे ते, फक्त त्यातून वीज निघते.

रस्त्याचा आग्रह धरतो त्याला आणखी एक कारण आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात अभयारण्यात कुणी विनापरवाना शिरावं याची यादी आहे: तिथं काम असलेले सरकारी लोक, तिथं ज्यांची जमीन आहे ते, आणि सार्वजनिक रस्त्यानं जाणारा माणूस. रस्ता सोडून रानात पाऊल टाकलं की तू पर्यटक झालीस, आणि पर्यटकाला परवानगी लागते. म्हणून नाक्यावर पावती फाडायची, वनखात्याच्या माणसाला कुठून कुठे जाणार ते सांगायचं. तो चार गोष्टी सांगेल, त्या ऐकायच्या. अमुक ठिकाणी आग्या मोहोळ बसलंय, तमुक बाजूला बिबट्याचा वावर आहे, हे तुझ्या नकाशात उमटत नाही.

पायवाटेवर पळायचंच असेल, आणि तू ऐकणार नाहीस हे मला ठाऊक आहे, तर साम्रदहून खाली कोकणात डेहण्याकडे उतरणारा करोली घाट बघ. घाटमाथा आणि कोकण यांच्यातली जुनी ये-जा अशाच घाटांनी चालायची, त्यामुळे ओझ्याच्या वाटेचं शहाणपण त्यात आहे. पण उतार लांबलचक. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, म्हणून दुखणं त्याच दिवशी कळत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कळतं. पुण्यातल्या वेताळ टेकडीचा उतार तुला सवय व्हायच्या आतच संपतो. हा संपत नाही. पहिल्या खेपेला अर्ध्यातून परत फिर. थोडं थोडं उतरत गेलं की पुढच्या वेळी स्नायू कमी कुरकुरतात, एवढं ज्ञान तुमच्या पळण्याच्या पुस्तकांतही असेल. पावलं आखूड टाक, आणि खाली कोकणातला उकाडा वर परत चढताना आपल्याबरोबर येतो हे धरून पाणी घे. सांदण दरीत मात्र पळायचा विचारही नको. ती भेग आहे, वाट नव्हे.

आता तुझी निळी रेघ. रतनवाडीतून गडाकडे जाणारी वाट दाट झाडीतून, ओढ्याच्या काठानं जाते. तिथं शेकरू दिसेल. पुढे गडाला शिड्या आहेत, पळण्याचा प्रश्न मिटतो. कात्राबाईच्या खिंडीकडे फुटणारी वाट पावसाळ्यानंतर कारवीत आणि गवतात बुडालेली असते, त्यात ढोरवाटा येऊन मिळतात. गुरं चरायला निघाली की पांगतात, त्यामुळे त्यांची वाट रुंद आणि मळलेली दिसते, आणि थोड्या वेळात दहा दिशांना विरून जाते. पळणाऱ्याची नजर नेमकी अशाच वाटेवर बसते. तुझ्या घड्याळवाल्याची रेघ कुमशेतच्या अलीकडे दोनदा मागे वळलेली आहे, बघितलंस का? तिथं काय झालं असेल ते मी छातीठोक सांगतो. म्हणून त्या टप्प्यावर कुमशेतचा किंवा रतनवाडीचा वाटाड्या घे. तो पळणार नाही, भरभर चालेल, आणि तुला वाटतं तितकी तू त्याच्या पुढे जाणार नाहीस. त्याची मजुरी घासाघीस न करता दे. हरिश्चंद्रगडावर पाचनईतून चढ. वर कोकणकड्याच्या काठाशी चालतच फिरायचं, धुकं असेल तर काठाकडे जायचंच नाही.

काळवेळ. पावसाळ्याचं नाव काढू नको. घाटघरला पाऊस कोसळतो आणि काळ्या कातळावर शेवाळ धरतं, त्यावर तुमचे महागडे बूटही टिकत नाहीत. कार्तिकात भात कापणीला येतो, वाटांवर भारे घेतलेले लोक असतात. समोरून भारा आला की तू डोंगराच्या अंगाला सरकून उभी राहा आणि त्यांना जाऊ दे. वेळ नोंदवणारं घड्याळ तेवढं थांबव. मार्गशीर्ष-पौष उत्तम. फाल्गुनापासून वणव्यांची भीती आणि पाण्याची टंचाई. मे अखेरीस, पावसाच्या तोंडावर काजवे येतात; तेव्हा रात्री कपाळाला बॅटरी लावून पळण्याची टूम निघाली आहे. नर-मादी एकमेकांना शोधतात ते त्या लुकलुकण्यावर, आणि आपण मधे दिवे नाचवायचे? एरवीही अंधारात आणि अगदी पहाटे नकोच. बिबट्याची ती वेळ, आणि पळणाऱ्या प्राण्याबद्दल त्याचे विचार वेगळे असतात.

एक विनंती, थोडी खडूस वाटेल. करोली घाटात किंवा खिंडीत पळालीस तर ती रेघ कुणाला पाठवू नको. रस्त्याची खुशाल पाठव, रस्ता सगळ्यांचाच आहे. पण पायवाटेची रेघ पसरली की तिच्यामागे माणसं येतात ती गावात न विचारता, वाटाड्या न घेता, वळणं कापत येतात. आणि मग बारीच्या डोंगराला झालं ते तिथंही होतं. ज्याला खरंच जायचंय तो साम्रदला पारावर बसून विचारेल. चहाही मिळेल त्याला.

तर मार्गशीर्षातल्या पहिल्या शनिवारी ये. आदल्या संध्याकाळी घोटीला उतर, तिथून राजूरची एसटी मिळते. चुकली तर फोन कर, पण बारीच्या पुढे रेंजचा भरवसा नाही, म्हणून घोटीतूनच कर. सकाळी उजाडल्यावर मी तुला शेंडीला सोडतो आणि मोटारसायकलवर पाणी, मीठ-साखर नि केळी घेऊन घाटघरला थांबतो. तिथपर्यंत पाय कुरकुरले तर मागे बसायचं, लाजायचं नाही. मामी विचारते आहे की चाळीस किलोमीटर पळून आलेली मुलगी भात किती खाते. काळभाताचे तांदूळ थोडेच उरलेत, त्यामुळे आकडा खरा सांग.

तुझा,
मामा