गाळप हंगामातली बर्फाची सुट्टी

मनाली,
फेब्रुवारीचा पहिला आठवडा

तीर्थरूप अण्णांस,


मनालीला सुखरूप पोचले. दिल्लीचं काम आटोपलं. उरलेली रजा आता तुम्ही सोपवलेल्या कामाला. पुढच्या वर्षी घरच्या सगळ्यांनी स्कीइंगला जायचं, तर कुठे, हे बघून कळवते.

दादाची अडचण मी सतत डोळ्यांपुढे ठेवली आहे. तो नोकरीला आहे तो चलथाणचा साखर कारखाना दिवाळीनंतर सुरू होतो तो मार्च-एप्रिलपर्यंत उसंत घेत नाही, आणि डोंगरात बर्फही नेमका त्याच महिन्यांत. तुमची उभी हयात तिथल्या वजनकाट्यावर गेली. हंगामात घरचं लग्न निघालं तरी तुम्ही मांडवात अक्षता पडायच्या वेळेला पोचायचात. दादाला फार तर सहा दिवस मिळतील. त्याची मुलं उत्तरायणाचे पतंग सोडून हलणार नाहीत आणि फेब्रुवारी सरता सरता त्यांच्या परीक्षा. म्हणजे जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचेच दिवस हाती राहतात. म्हणून मी एकाच गोष्टीचा हिशेब करते आहे. चलथाणच्या घराला कुलूप लावल्यापासून मुलांच्या पायात स्की चढेपर्यंत किती तास जातात, आणि बर्फावर किती तास उरतात. उंची, नाव, फोटो हे सगळं त्यानंतर.

सोलंग मनालीहून चौदा-एक किलोमीटर. वाटेत रस्त्याच्या कडेला नंबर घातलेली दुकानं लागतात. तिथे बर्फात घालायचे अंगभर सूट आणि बूट भाड्याने मिळतात. सोलंगचा उतार रुंद आणि सौम्य. नवशिक्याला तो फार सोयीचा. पण उंची अडीच हजार मीटरच्या आसपासच, त्यामुळे ऊन चढलं की खालचा बर्फ लवकर बसतो. मी गेले त्या दिवशी पायथ्याशी माती डोकावत होती. त्यातच घोडे, टायरच्या ट्यूबवरून घसरणारे, स्कूटर, दोरीवरून लटकणारे, सगळे त्याच उतारावर. मुलांनी शिकायचं तर समोरून कोण येतंय याचं भय नको. इथे ते आहे.

तरी या दरीबद्दल माझ्या मनात आदर आहे. सोलंगजवळच्या बुरुआ गावची आंचल ठाकूर २०१८ मध्ये तुर्कस्तानातल्या एर्झुरूमला कांस्यपदक जिंकली. आंतरराष्ट्रीय स्कीइंग स्पर्धेत भारताचं ते पहिलं पदक. इथली पोरं शाळेतून आली की स्की खांद्यावर टाकून वर चढतात. मनालीची सरकारी पर्वतारोहण संस्थाही उत्तम शिकवते, पण तिचे वर्ग ठरलेल्या तारखांचे आणि बऱ्याच दिवसांचे. आपल्या सहा दिवसांत ते बसत नाहीत.

खरी अडचण मात्र रस्त्याची. दिल्लीपासून मनाली सव्वापाचशे किलोमीटरच्या वर. रात्रभर बसमध्ये बसून सकाळी पोचायचं, त्या दिवशी आईचे गुडघे धरलेले, परतीचंही तसंच. जुलै २०२३ मध्ये बियास नदीने हाच रस्ता जागोजाग तोडला होता. भुंतरचा विमानतळ आहे, पण तिथे लहान विमानं, मोजक्या जागा, आणि ढग आले की उड्डाण रद्द. सहातले दोन दिवस रस्त्यात गेले, तर उरलं काय?

तुमची,
धाकटी


दिल्ली

तीर्थरूप अण्णांस,
सा. न.

आता गुलमर्ग बघायला निघाले आहे. श्रीनगरच्या विमानाला अवकाश आहे, तेवढ्यात औलीबद्दल लिहून टाकते. वहिनीने औलीचं नाव सुचवलं होतं आणि तिचं म्हणणं अगदी रास्त आहे. औलीचे उतार देखणे आहेत, समोर ७,८१६ मीटर उंचीची नंदादेवी. गढवाल मंडळाचे सात आणि चौदा दिवसांचे वर्ग तिथे भरतात. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी खेळांसाठी तिथे कृत्रिम बर्फ करायची यंत्रणाही बसवली होती. मी मैत्रिणींबरोबर तिथे गेले होते तेव्हा जोशीमठहून रोपवेने वर गेलो होतो, चार किलोमीटरची ती वाट मला अजून आठवते.

पण जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचू लागली, घरांना तडे गेले, माणसं घराबाहेर काढावी लागली, आणि रोपवेही बंद झाला. आता वर जायचं ते गाडीने. त्याआधी हरिद्वारहून जोशीमठ पावणेतीनशे किलोमीटर डोंगरी रस्ता, आख्खा दिवस. शिवाय ज्या गावच्या भिंतींना टेकू दिलेले आहेत, त्या गावावरून आपण मौजेला वर जायचं, हे माझ्या मनाला पटत नाही.

दादाच्या डोक्यात स्वित्झर्लंड आहे हे मला ठाऊक आहे. टिटलिसचा फोटो त्याने कधीचा जपून ठेवलाय. आल्प्समधली सोय वेगळीच, हे मान्य करायलाच हवं. तिथे उतार रंगांनी वाटलेले असतात, सोपा निळा, मधला लाल, अवघड काळा. रात्री यंत्रं बर्फ दाबून सपाट करतात, बर्फ कमी पडला तर फवारे मारून पाडतात. नवख्या माणसाने कुठे जायचं नाही, हे तिथे पाटीच सांगते. पण शेंगेन व्हिसासाठी आठवडे आधी कागद जोडायचे, जाता-येता दोन-तीन दिवस मोडायचे, आणि सहा माणसांचा खर्च. पंधरा दिवसांची रजा असती तर मीच त्याच्या बाजूने बोलले असते. हंगाम संपल्यावर, एप्रिलमध्ये तो गेला, तर फ्रान्समधलं वाल तोरांस हे २,३०० मीटरवरचं गाव बघावं. युरोपातलं सर्वांत उंचावरचं स्की गाव म्हणतात ते हेच, तिथे तेव्हाही बर्फ टिकतो. आत्ता मात्र नाही.

विमानाची घोषणा झाली. पुढचं गुलमर्गहून.

तुमची,
धाकटी


गुलमर्ग

तीर्थरूप अण्णांस,
सा. न.

आधी आईच्या काळजीबद्दल. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामच्या बैसरनमध्ये २६ माणसं मारली गेली. त्यात महाराष्ट्रातली होती, आपल्या सुरतचाही एक होता. ती बातमी आली त्या संध्याकाळी घरात कुणाला जेवण गेलं नव्हतं, ते मी विसरलेले नाही. इथे येताना मीही मनातून घट्ट होते. वाटेत जागोजागी बंदोबस्त दिसला. टनमर्गच्या टॅक्सीवाल्याने न विचारताच सांगितलं की त्या एप्रिलनंतर कित्येक दिवस त्याची गाडी दारातच उभी होती, आणि पाहुण्यांवर हात उचलला गेल्याचं दुःख त्याला पैशांहून मोठं आहे. मी त्याचं ऐकलं आणि माझा विश्वास बसला. तरी आईने नको म्हटलं तर माझा शब्द तिच्यापुढे जाणार नाही. निघायच्या आधी सरकारी सूचना बघून पुन्हा ठरवू.

आता तासांचा हिशेब. सुरतहून दिल्ली, दिल्लीहून श्रीनगर, दोन्ही विमानं एकाच दिवसात जमतात. श्रीनगर विमानतळ ते गुलमर्ग छप्पन-एक किलोमीटर. टनमर्गपासून शेवटचे तेरा किलोमीटर चढाचे. बर्फ असला की चाकांना साखळ्या लावलेल्या गाडीशिवाय वर सोडत नाहीत, म्हणून तिथे गाडी बदलायला तास धरून ठेवायचा. सकाळी चलथाणहून निघालेला माणूस रात्री गुलमर्गला जेवू शकतो. दुसऱ्या दिवशी मुलं स्कीवर.

दुसरी गोष्ट बर्फाची खात्री. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ हिवाळ्यात हिमालयाला येऊन थडकतात. वाटेत काश्मीर आधी लागतं, म्हणून पीर पंजालच्या या उत्तर उतारांवर बर्फ भरपूर पडतो, पूर्वेकडे औलीपर्यंत जाता जाता ओल कमी झालेली असते. आपण युरोपाहून बरेच दक्षिणेला, ऊन कडक, म्हणून आपल्याकडे उंचीही जास्त लागते. गुलमर्ग २,६५० मीटरवर आहे, म्हणजे त्या वाल तोरांसहून उंच. इथले लोक थंडीचे तीन भाग करतात. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलान, मग वीस दिवस चिल्लई खुर्द, शेवटी दहा दिवस चिल्लई बच्चा. कलानचा बर्फ थरावर थर साठलेला असतो, आणि खुर्दमध्ये थंडी जरा सैल होते, दिवसही थोडा मोठा होतो. आपल्या हाती आहेत ते दिवस नेमके हेच.

पण खात्री म्हणजे हमी नाही, हे दादाला ठामपणे सांगा. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग कोरडं होतं, पिवळ्या गवताचे फोटो वर्तमानपत्रांत आले होते. २०२५ मध्ये फेब्रुवारीअखेर ठरलेले खेलो इंडिया हिवाळी खेळ बर्फाअभावी पुढे ढकलून मार्चमध्ये घ्यावे लागले. हवामान बदलतंय, आणि इथले घोडेवाले, स्लेजवाले, शिकवणारे सगळे आकाशाकडे डोळे लावून बसतात. मला हे फार लागलं. म्हणून तिकिटं अशी काढावीत की दहा दिवस आधी तारीख बदलता येईल.

तुम्हाला एक गोष्ट आवडेल म्हणून लिहिते. ताजा बर्फ पिठी असतो, त्याला इथे सगळे पाउडर म्हणतात, आणि त्यासाठी परदेशातून माणसं येतात. ऊन खाऊन रात्री पुन्हा गोठलेल्या बर्फाचे दाणे मात्र मोठे होतात, हातात घेतले तर थेट तुमची एम-३० साखर. नवख्याला दोन्ही अवघड. त्याला हवा दाबून सपाट केलेला बर्फ, आणि तो इथे पायथ्याच्या मैदानातल्या उतारांवर असतो. तिथे दोरीने ओढून वर नेणारी लिफ्ट आहे. मुलांना तीन दिवस त्याहून जास्त काही लागत नाही.

गोंडोला सगळे विचारतात. सहा माणसांच्या पेट्या. पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला, तो कोंगडोरीला सुमारे ३,१०० मीटरवर नेतो. दुसरा २००५ चा, अफरवट डोंगराच्या खांद्यावर, साडेतीन हजारांच्या कितीतरी वर, चार हजारांना टेकणारा. तिकीट ऑनलाइन आधीच काढावं लागतं, आणि वारा सुटला की दुसरा टप्पा बंद राहतो. मी वर गेले. समोर डोंगरांच्या रांगा, आणि श्वास दोन पावलांत भरून येतो. आईला रक्तदाबाचा त्रास आहे, तिला कोंगडोरीच्या वर नेऊ नये, आणि पहिल्या दिवशी कुणीच धावपळ करू नये. आपण समुद्रसपाटीची माणसं. दादाने अफरवटहून खाली स्की करायचं नावही काढू नये. तो खुला डोंगर आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथल्या हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर गेले. वाटाड्या, हिमस्खलनाची सूचना आणि बचावाची सामग्री वापरायची सवय असल्याशिवाय तिथे उतरणं म्हणजे जीव पणाला लावणं.

माझ्या दवाखान्यात मी रोज गुडघे बघते, म्हणून या एका बाबीवर अडून बसणार आहे. स्कीइंगमध्ये सर्वांत जास्त इजा गुडघ्याला होते. बूट पायाला घट्ट, पण बोटं हलतील असा हवा. बूट आणि स्की जोडणारं बाइंडिंग माणसाचं वजन, उंची, वय आणि त्याला किती येतं यावर लावायचं असतं, म्हणजे पडल्यावर स्की वेळेत सुटते आणि गुडघा पिळत नाही. भाड्याच्या दुकानात घाई असते. मुलांचं वजन सांगून, समोर उभं राहून ते लावून घ्यायचं. हेल्मेटशिवाय कुणीही नाही. पडताना काठी सोडून द्यायला शिकवायचं, नाहीतर अंगठा मुरगळतो.

शिकवणारा आधी ठरवावा, हॉटेल नंतर. १९६८ ची भारतीय स्कीइंग व पर्वतारोहण संस्था इथलीच, पण तिचे वर्ग आपल्या सुट्टीहून लांब. आपण दिवसाच्या बोलीवर परवानाधारक शिक्षक घ्यायचा, दोन मुलांना एक. मी ज्याच्याकडे शिकले तो माणूस टनमर्गचा. त्याच गावचा आरिफ खान २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकटा खेळाडू होता, जायंट स्लॅलममध्ये पंचेचाळिसावा आला. माझ्या शिक्षकाने हे सांगताना स्की जमिनीवर टेकवून ठेवली होती. पहिला दिवस त्याने मला फक्त चालायला, आडवं चढायला आणि पडून उठायला लावलं. दुसऱ्या दिवशी स्कीची टोकं जवळ, मागचा भाग रुंद, अशी पाचर करून थांबायला. तिसऱ्या दिवशी वळले. मोठ्या माणसाला इतकं लागतं, मुलं त्याहून लवकर शिकतील.

इथे १९४८ च्या डिसेंबरमध्ये जनरल थिमय्या यांनी सैन्यासाठी स्की शाळा काढली, तीच पुढे उंच डोंगरातल्या युद्धाची शाळा झाली. गुलमर्गच्या रस्त्यावर जवान दिसतात. एकाच्या बोलण्यात धुळ्याकडची लकब आली, विचारलं तर शिंदखेड्याचा निघाला. मी अहिराणीत दोन शब्द बोलले, तो किती वेळ हसतच राहिला.

दादाने हे करावं. सहा दिवसांत पहिला प्रवासाचा, पुढचे चार बर्फावर, त्यातला एक वाऱ्या-पावसासाठी मोकळा, शेवटचा परतीचा. परतीचं विमान दुपारचं असावं, कारण बर्फ पडला तर सकाळची उड्डाणं रखडतात. उत्तरायण झाल्यावर लगेच कारखान्यात रजेचा अर्ज द्यावा. खोली गुलमर्गलाच घ्यावी, टनमर्गला नको, रोजचे दोन तास वाचतात. हातमोजे दोन जोड, एक भिजतोच. आईसाठी निखाऱ्यांची कांगडी सुचवतील, पण बंद खोलीत कोळसा जाळू देऊ नका, गरम पाण्याची पिशवी घरूनच आणा.

मुलांच्या पायाचं माप घेऊन ठेवा, वाढतं वय आहे. मी परवा निघते, सुरतेला उतरले की थेट चलथाणला येते.

तुमची,
धाकटी