पिकअपचा भाव

आमची २०१३ ची पिकअप विकायला काढली तेव्हा मी पावणेपाच लाख सांगितले. हा आकडा वहीतून आला होता. इंजिनकाम, नवा हौदा, क्लच प्लेट, मागचे टायर, सगळ्याच्या पावत्या मी जपून ठेवल्या होत्या. त्यांची बेरीज केली आणि वर गाडीनं आमच्या घरासाठी केलेल्या कष्टांचे थोडे चढवले. गुंजवण्यातून इंद्रायणीची पोती तिनंच पुण्याला नेली, राजगडाला येणाऱ्या मंडळींचं सामानही वाहिलं. गिऱ्हाईक मात्र एकच हिशोब करत होतं: गाडी ताब्यात आल्यावर मला आणखी किती घालावे लागतील? हा हिशोब मी केलाच नव्हता.

विम्याच्या कागदानंही माझी दिशाभूल केली, म्हणजे मी करून घेतली. पॉलिसीवर छापलेली आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, मी येईल त्याला दाखवायचो. ती बाजारभाव नसते. विम्याच्या कोष्टकात पाचव्या वर्षी गाडीची घट पन्नास टक्के धरतात. पाच वर्षांपुढे कंपनी आणि मालक आपसात रक्कम ठरवतात. मी दरवर्षी ती जरा चढीच ठेवून घेतली होती आणि आता तोच आकडा पुरावा म्हणून पुढे करत होतो.

हंगामही चुकला. ज्येष्ठ लागला की आमच्याकडे पैसा बी-बियाणं, खतं आणि लावणीच्या मजुरीत जातो. पिकअप घेणारा दिवाळीनंतर, भात विकून हातात चार पैसे आल्यावर येतो. तरीही पहिल्या पावसाआधी सांगवीकडच्या एका भाजीवाल्यानं तीन लाख चाळीस हजार लावले होते आणि इसारही काढला होता. मी चार लाखांच्या खाली उतरलो नाही. त्याचा आकडा रास्त होता. साखर-मार्गासनी भागात तशाच गाड्या प्रत्यक्षात कितीला गेल्या हे मी आधी विचारलं असतं, तर त्याच दिवशी व्यवहार झाला असता. मी लोकांनी सांगितलेल्या किमती ऐकल्या होत्या, तुटलेल्या नव्हे.

मग गाडी पावसाळाभर अंगणात उभी राहिली. वेल्ह्याच्या पावसात उघड्यावर उभ्या लोखंडाचं काय होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. बॅटरी उतरली. श्रावणात पासिंग संपलं. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला फिटनेस दरवर्षी लागतो; तो नसला की गिऱ्हाईक दुरुस्ती, फी आणि खेपा असं सगळंच किमतीतून कापतं, आणि खर्चापेक्षा जास्त कापतं, कारण धोका त्याचा असतो.

यापुढची गोष्ट लिहायला जड जाते. दिवाळीत गाडी पुन्हा दाखवण्याआधी मी चेसिसला काळा रंग मारून घेतला. नसरापूरहून आलेल्या गिऱ्हाइकासोबत एक वयस्क मेकॅनिक होता. त्यानं इंजिन चालू ठेवून डिपस्टिक ओढली, धूर पाहिला, मान हलवली. इंजिन चांगलंच होतं. मग तो गाडीखाली सरकला आणि मागच्या पाट्यांजवळ स्क्रू ड्रायव्हर टोचला. रंगासकट गंजाची खपली हातभर सुटली. “मालक, रंग ताजा आहे,” एवढंच तो म्हणाला. त्यानंतर मी इंजिनकामाची खरी पावती पुढे केली, तर तीही कोणी धड पाहिली नाही. गंज आधीच दाखवून वेल्डिंगचे पैसे किमतीतून सोडले असते, तर नुकसान तेवढ्यावरच थांबलं असतं. झाकल्यामुळे माझ्या प्रत्येक शब्दाचा भाव उतरला.

गाडी शेवटी दोन लाख पंचाऐंशी हजारांना गेली.

एक गोष्ट मात्र मी धरून ठेवली. एजंट म्हणत होता, सह्या करून फॉर्म द्या, नाव पुढचा मालक सावकाश लावेल. मी ऐकलं नाही. मोटार वाहन कायद्यानं विकणाऱ्यानं चौदा दिवसांत हस्तांतर कळवायचं असतं. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही निकाल दिला आहे, की नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याचीच. मधे गाडी कितीही हात फिरली असली तरी. बँकेचा ना-हरकत दाखला देऊन बोजा उतरवला, फॉर्म २९ आणि ३० माझ्यासमोर भरले. हस्तांतराचा खर्च मी उचलला, म्हणजे किंमत आणखी थोडी खाली आली. ते पैसे मात्र मी पुन्हाही सोडीन.