धार-देवास : दोन दिवस सवडीचे

काही वर्षांपूर्वी आम्ही दोन दिवसांत इंदूर, उज्जैन, ओंकारेश्वर आणि मांडू असा भरगच्च बेत आखला. पाहिले काय, तर गाडीची काच! देवासच्या मावशीला जेवायला येतो असे कळवले होते. पण उशीर झाला म्हणून गावाबाहेरूनच पुढे निघालो. मावशी पाने मांडून वाट पाहत होती. पुढच्या वर्षी ती राहिली नाही. तेव्हापासून ठरवले, माळव्यात जायचे ते थोडेच पाहायला, पण सवडीने.

यंदा फक्त धार आणि देवास. दोन्ही पवारांची संस्थाने. 1948 मध्ये मध्य भारतात विलीन झाली. धुळ्याकडून आग्रा रोडने शिरपूर, सेंधवा करत खलघाटला नर्मदा ओलांडायची. धामनोदच्या पुढे गुजरीहून धारची वाट फुटते. पहाटे निघालात तर दुपारपर्यंत धार.

धारला घाई नको. ही राजा भोजाची नगरी. इथल्याच किल्ल्यात 1775 साली दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला. राघोबादादांच्या धावपळीत आनंदीबाईंनी पवारांकडे आसरा घेतला होता. किल्ल्यातला खरबुजा महाल पाहावा. मग लाट मशिदीपाशी प्रचंड लोहस्तंभाचे तीन तुकडे पाहावेत. मांडू तिथून पस्तीसेक किलोमीटर. पण त्याला वेगळा दिवस ठेवा. मुक्काम धारलाच करा.

सकाळी पोहे-जिलेबी खाऊन इंदूरमार्गे देवास गाठावे. अंतर शंभराच्या आसपास. एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये होती, हे मुलांना सांगा. त्यांना मोठी गंमत वाटते. इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टर 1921 साली थोरल्या पातीच्या महाराजांचे खासगी चिटणीस होते. त्यांच्या ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकाच्या नावातली टेकडी ती हीच. वर तुळजाभवानी आणि चामुंडा, म्हणजे मोठी माता आणि छोटी माता. ऊन चढायच्या आत दर्शन घ्यावे.

टेकडीच्या पायथ्याशी कुमार गंधर्वांचे ‘भानुकुल’. क्षयाच्या आजारात हवापालटासाठी ते 1948 मध्ये देवासला आले. बरी पाच वर्षे गाणे बंद होते. या काळात कानांवर पडलेली माळव्याची लोकगीते पुढे त्यांच्या गाण्यात उतरली. 1992 मध्ये त्यांनी याच गावात देह ठेवला. विश्रांतीतून काय निपजते, याचा याहून मोठा दाखला कुठला?

दुपार मात्र मोकळी ठेवा. इथल्या जुन्या मराठी घरांत हिंदीचा गोड हेल असलेली मराठी अजून ऐकू येते. कुणी नात्यातले असेल तर आधी कळवा, जेवायला बसा, जुने फोटो काढायला सांगा. टेकडी पुढच्या वर्षीही तिथेच असेल. माणसांचे तसे नसते.