रंग उडण्याआधी

पाण्याबाहेर आलेल्या माशाचा रंग त्याच्या जिवाइतकाच चिवट असतो, म्हणजे फारसा नाहीच. निळे पट्टे बघता बघता राखाडतात, पोटाची चकाकी मळते. मग अभ्यासक त्याला फॉर्मॅलिनमध्ये आणि पुढे अल्कोहोलमध्ये ठेवतो. तिथे तांबडा-पिवळा विरघळून जातो, काळा तेवढा तग धरतो. बाटलीतल्या माशाचे काटे मोजता येतात, खवल्यांच्या रांगा मोजता येतात. तो दिसायचा कसा, हे मात्र त्याच्याकडून कधीच कळत नाही.

मार्गारेट स्मिथबाई, माशांची चित्रं काढताना तुमची सगळी धावपळ त्या मधल्या थोड्या मिनिटांसाठी होती.

तुम्ही चित्रकलेच्या वर्गातून आला नव्हतात. दक्षिण आफ्रिकेतल्या इंडवे नावाच्या गावात 1916 साली जन्म, मग ग्रॅहमस्टाउनच्या कॉलेजात रसायनशास्त्र. तिथेच शिकवणाऱ्या जे. एल. बी. स्मिथ यांच्याशी 1938 मध्ये लग्न. वयाने तुमच्याहून एकोणीस वर्षांनी मोठा, रसायनशास्त्राचा पगार घेणारा आणि माशांनी झपाटलेला माणूस. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ईस्ट लंडनच्या बंदरात एका ट्रॉलरच्या ढिगातून तिथल्या संग्रहालयातल्या मार्जोरी कोर्टनी-लॅटिमर यांनी तो जाडजूड खवल्यांचा मासा बाहेर काढला. डायनोसॉरांबरोबर संपला असं सगळं जग धरून चाललेला सीलाकँथ. त्यांनी पत्रात त्याचं कच्चं रेखाटन काढून पाठवलं, आणि तेवढ्या चार रेघांवरून तुमच्या नवऱ्याची झोप उडाली. प्रत्यक्ष पाहायला ते पोहोचले फेब्रुवारीत. तोवर कातडीत पेंढा भरून झाला होता आणि निळा रंग गेला होता. शतकातला सगळ्यात गाजलेला मासा, त्याची बातमी आली रेषेतून, आणि रंग मात्र हुकला. ही हळहळ तुमच्या हाताला पुढे कायमची लागली असावी, असं मला आपलं वाटतं.

नंतरची वर्षं मोहिमांची. पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या मोझांबिकचा किनारा, पूर्व आफ्रिका, सेशेल्स. सामानसुमान, शिधा, माणसं सांभाळायची ती तुम्हीच. आणि वर रंगकाम. इथे एक गोष्ट झाकून ठेवणं बरं नव्हे. त्या मोहिमांत प्रोफेसर स्मिथ पाण्यात स्फोटकं टाकून मासे मिळवत. तेव्हा ते चालत असे. आज वाचताना अंगावर काटा येतो. तुमच्या कुंचल्याखाली आलेल्यांपैकी कितीतरी मासे असे मारलेले होते. त्यांच्यासाठी तुम्ही शोक केलात की नाही, कोण सांगणार. ते जसे होते तसे कागदावर उतरवलेत, ही तुमची त्यांना दिलेली भरपाई म्हणावी का? मला पुरेशी वाटत नाही. पण दुसऱ्या कुणी तेवढीही दिली नाही.

शास्त्राच्या चित्रात हौसेला जागा फार थोडी. माशाचं तोंड डावीकडे, हा रिवाज. परात काटे जितके, चित्रात तितकेच. एक जास्त झाला तर जात बदलते. अंगाच्या मधून जाणारी रेघ कुठे वाकते, कुठल्या खवल्यापाशी थांबते, हे चुकून चालत नाही. आणि या सगळ्या हिशेबावर रंग चढवायचा तो असा, की ओला मासा ओलाच दिसावा. जलरंगात पांढरा बहुधा लावत नाहीत, कागदच कोरा सोडतात. एकदा झाकला की परत मिळत नाही.

1949 साली आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या समुद्री माशांचा तो जाडा ग्रंथ निघाला. चित्रांमागे तुमची मेहनत, मुखपृष्ठावर नाव एकट्या प्रोफेसरांचं. 1963 च्या सेशेल्सच्या पुस्तकावर दोघांची नावं आली. 1968 च्या जानेवारीत प्रोफेसरांनी स्वतःचं आयुष्य स्वतःच संपवलं. तुम्ही त्यांच्या नावाची मत्स्यविज्ञान संस्था उभी केलीत, तिच्या पहिल्या संचालक झालात, नव्या चित्रकारांना हाताशी धरलंत आणि जुना ग्रंथ नव्याने करायला घेतलात. फिलिप हीमस्ट्रा यांच्यासह तो 1986 मध्ये पुरा झाला. त्याच्या नावातच दोघेही स्मिथ आले. पुढच्याच वर्षी तुम्ही गेलात.

पुढे संस्थेचं नाव बदललं. तिथल्या ग्रंथालयाला मात्र तुमचं नाव आहे.

मोझांबिकजवळची सुरमई आणि आमच्या मालवणातली सुरमई एकाच जातीची. इथे कोळीण कल्ला उचलून आतला लाल दाखवते, गिऱ्हाईक मान डोलावतं. अंगावरच्या रंगाकडे बघायला कुणाला सवड नसते, आणि तोवर तो उरलेलाही नसतो. म्हणून तुमच्या हातचं एखादं मूळ चित्र कधी समोर आलंच, तर मी डोळा, पर, नाव, काही पाहणार नाही. आधी पोट पाहीन. तिथला रुपेरी तुम्ही रंगवलात, की कागद सोडून दिलात?